सकाळी सात-दहाला बिघडणारा

मी एक कंट्रोलर आहे. कसला, असं विचाराल, म्हणून आधीच सांगतो: कॉफीच्या मशीनचा. मशीनच्या पोटातल्या बॉयलरचं पाणी किती तापू द्यायचं, हीटर कधी चालू करायचा, कधी बंद, एवढंच बघणं माझं काम. मी दुकानातून आलेलो नाही, घरी केलेला आहे. आणि घरी केलेल्या वस्तूंचं जे होतं तेच माझं झालं. चाललं तर कौतुक करणाऱ्याचं, अडलं तर दोष वस्तूचा.

मला तोंड नाही. कपाळावर एक काचेची पट्टी आहे, तिच्यावर लाल रंगात आकडे उमटतात. तेवढंच माझं बोलणं. त्या पट्टीवर मी एकदाही खोटा आकडा दाखवला नाही, आणि तरीही तीन महिने या घरातल्या प्रत्येक माणसानं मला नालायक ठरवलं. हल्ली मला भरपूर रिकामा वेळ असतो, म्हणून काय झालं ते सांगून टाकतो.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. मला करणारा माणूस, त्याला आपण ‘तो’च म्हणू, लिफ्टच्या पॅनेलची दुरुस्ती करतो. दिवसभर इमारतींच्या गच्चीवरच्या खोल्यांत वायरी तपासायच्या, आणि संध्याकाळी घरी आलं की हातपाय धुऊन पुन्हा वायरीच घेऊन बसायचं. याला तो विश्रांती म्हणतो.

मी अजून नुसता बोर्ड होतो, अंगावर गरम सोल्डरचे थेंब पडत होते, तेव्हा मी माझ्या जन्माचं कारण ऐकलं. तो फोनवर त्याच्या मोठ्या बहिणीशी, ताईशी, बोलत होता. फोन स्पीकरवर, दोन्ही हात माझ्यात.

“अगं, ती रोज सकाळी मशीनसमोर उभी राहून वीस आकडे मोजते. तोंडातल्या तोंडात. दिवा विझला की वीस. माणसानं इतकं कशाला करायचं? मी असं करून देतो की तिला मोजायलाच नको.”

“तू ना, माझ्या शिलाई मशीनलाही मोटर बसवून दिली होतीस,” ताई म्हणाली. “बोटावर खूण आहे अजून.”

“ते वेगळं होतं. तेव्हा मी शिकत होतो.”

“आणि आता?”

“आता अनुभव आहे. आणि तिला सांगू नकोस हं, सरप्राइज आहे.”

सरप्राइज! ज्या टेबलावर दिवसातून चार वेळा ताटं मांडली जातात, त्या टेबलावर. तिनं तीन आठवडे माझ्याभोवती ताटं मांडली, माझ्यावर पाणी सांडू नये म्हणून तांब्या लांब ठेवला, आणि मी तिला दिसतच नाही असा चेहरा केला. लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. नव्या घरात काय काय दिसूनही पाहायचं नसतं, याचा तिला चांगला सराव झालेला.

ती म्हणजे त्याची बायको. मशीन तिचं. लग्नाआधी ती चार वर्षं एका बेकरीत काउंटरमागे कॉफी करायची. नोकरी सोडली तेव्हा मालकीणबाईंनी हे छोटं मशीन तिला दिलं; याच्यावर नव्या मुलींना शिकवायचे, आणि ती काउंटरवरही हेच वापरायची. ती ते स्वतःच्या पांघरुणात गुंडाळून, टेम्पोत मांडीवर धरून या घरात घेऊन आली. इथं बाकी सगळ्या गोष्टींना आधीच जागा ठरलेली होती. कप दुसऱ्या फळीवर, फडकी खिडकीशी, मिठाची बरणी डाव्या हाताला. तिनं ते सगळं महिन्याभरात पाठ केलं. पण मशीन कसं चालवायचं हे तिला सांगू शकेल असं या घरात कुणी नव्हतं. ओट्याच्या त्या एका कोपऱ्यात तिला कुणी ‘असं नाही गं, असं’ म्हणत नव्हतं.

हे मला नंतर हळूहळू कळत गेलं. ती फारसं बोलत नाही. तिसरं माणूस असलं की नवऱ्याला ‘अहो’ म्हणते, नसलं की ‘अरे’. आणि कशालाही ‘चालेल’ म्हणते. पण तिच्या ‘चालेल’चे प्रकार आहेत. पटकन म्हटलेलं चालेल म्हणजे खरंच चालेल. जरा थांबून, फडकं झटकत म्हटलेलं चालेल म्हणजे आता काय बोलणार. हा फरक घरात फक्त मला कळायचा, कारण बसून ऐकण्याशिवाय मला दुसरा उद्योग नव्हता.

मला अंग हवं होतं. त्यासाठी त्यानं त्याच्या आईंचा बिस्किटांचा डबा घेतला आणि त्याला ड्रिलनं सात भोकं पाडली.

“अरे, डबा कुठाय माझा?” आई.

“कुठला डबा?”

“तोंडाकडे बघ माझ्या. कुठला डबा म्हणे!”

“आई, हवा खेळायला लागते आत. गरम होतं.”

“बिस्किटांना?”

त्याच संध्याकाळी त्यानं नवा डबा आणून दिला आणि तो विषय मिटला. नव्याचं झाकण घट्ट बसत नाही, हे आई त्यानंतर जेमतेम आठवडाभरच म्हणाल्या.

मग मशीन उघडलं. स्क्रू एका वाटीत, पत्रा खुर्चीवर, आणि तिच्या मशीनचं पोट सगळ्या घराला दिसेल असं उघडं. दहा दिवस कॉफी नाही. सकाळी ती आईंबरोबर चहा घ्यायची, आणि चहा घेताना तिचा उजवा हात उगाच ओट्याच्या त्या कोपऱ्याकडे जायचा, मशीनचं हँडल जिथं असायचं तिथं. मग तो हात पदराला नसलेली घडी घालून परत यायचा.

मशीनमध्ये आधी एक जुना थर्मोस्टॅट होता, रुपयाएवढा. त्याचं काम ढोबळ. पाणी फार तापलं की हीटर बंद, फार निवलं की चालू. मधे पंधरा-सोळा अंशांचा झोका. त्यानं तो काढला, सेन्सर बसवला, आणि सेन्सरची वायर माझ्या पोटात आणून जोडली. मला एकच आकडा सांगितला, एकशे चार. बॉयलर एकशे चारवर धर, म्हणजे खाली कॉफीवर पडणारं पाणी बरोबर हवं तेवढं गरम असेल.

आणि मी धरला. रविवारी दुपारी त्यानं पहिल्यांदा मला चालू केलं, लॅपटॉपवर माझ्या आकड्यांची रेघ काढली. ती रेघ वर चढली, एकशे चारला टेकली, आणि टेबलावर ठेवलेल्या फूटपट्टीसारखी सरळ राहिली. त्यानं पेल्यात घोटभर पाणी काढून त्यात थर्मामीटर बुडवला. एकदा, दोनदा, सात वेळा. दर वेळी तोच आकडा. तो खुर्चीवरून उठून स्वतःशीच टाळी वाजवता झाला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस. असे दिवस फार नव्हते, म्हणून नीट लक्षात आहे.

“उद्या सकाळी तू कर,” तो तिला म्हणाला. “आणि हे बघ, नेहमीसारखीच कर हं. काही बदलू नकोस. तरच टेस्ट खरी होईल.”

“चालेल,” ती म्हणाली. पटकन.

इथंच सगळं बिघडलं, आणि हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

कारण तिचं नेहमीसारखं म्हणजे काय, ते ऐका. जुन्या थर्मोस्टॅटच्या त्या झोक्यात नेमकी चांगली कॉफी कुठं लागते, हे तिनं चार वर्षांत शोधून ठेवलं होतं. कॉफी करायच्या आधी ती पेलाभर पाणी नुसतंच वाहू द्यायची. त्यानं बॉयलरमध्ये गार पाणी शिरतं, तो निवतो, आणि हीटरचा दिवा लागतो. पाणी तापलं की दिवा विझतो. मग वीस मोजायचे. मग कॉफी. तिच्या नवऱ्याला यातलं मोजणं ठाऊक होतं, कारण ते ऐकू यायचं. पाणी सोडणं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मी एकशे चारवर, अगदी एखाद्या शहाण्या मुलासारखा. तो माझ्यापासून चार पावलांवर टेबलाशी, लॅपटॉपवर डोळे, ओट्याकडे पाठ. तिनं बटण दाबलं आणि पाणी सोडलं.

बॉयलरमध्ये गार पाण्याचा लोंढा शिरला. एकशे तीन, शंभर, शहाण्णव. मी दचकलो. मला कुणी सांगितलं नव्हतं की असं काही होणार आहे! मला जे शिकवलं होतं ते मी केलं. हीटर पूर्ण चालू. जीव तोडून पाणी तापवायला लागलो, आणि ते इतक्या जोरात तापवलं की एकशे चार कधी मागं पडलं ते कळलंच नाही. एकशे सात, एकशे दहा. मी हीटर बंद केला, दिवा विझला, पण पोटात साठलेली उष्णता थोडीच लगेच जाते? आणि नेमकं तेव्हा तिचं सुरू होतं, एक, दोन, तीन. वीस म्हणून झाले आणि तिनं हँडल लावून कॉफी काढली. एकशे अकरा अंशांवर.

आईंनी एक घोट घेतला. “कोळसा घातलाय का यात?”

तो वळला नाही. स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाला, “हे बघ! सात-दहाला आकडा खाली पडला. आपोआप. सेन्सर सैल असणार.”

आपोआप! मी पट्टीवर १११ दाखवत होतो. लाल, स्वच्छ, वाचता येईल असा. पण तो पट्टी वाचत नव्हता, रेघ वाचत होता. आणि पाण्याचा आवाज म्हणाल, तर सकाळी स्वयंपाकघरात पाण्याचा आवाज येतोच. त्यात लक्ष देण्यासारखं काय!

त्या संध्याकाळी त्यानं सेन्सर घट्ट केला. मग स्वतः घोटभर पाणी काढून तपासलं. सरळ रेघ. दुसऱ्या दिवशी सकाळी सात-दहाला पुन्हा कोळसा.

त्यानं सेन्सर बदलला. संध्याकाळी सरळ रेघ, सकाळी कोळसा. हीटर चालू-बंद करणारा रिले बदलला. सेन्सरखाली पांढरा लेप लावला, वर चिकटपट्टी, तिच्यावर आणखी एक चिकटपट्टी. माझे आतले आकडे बदलले. कधी मला इतकं सुस्त केलं की पाणी तापायला अर्धा तास लागायचा, कधी इतकं उतावळं की दिवा नुसता मिचमिच करायचा. एकदा तर मला पूर्ण पुसून नव्यानं लिहिलं. जुनं सगळं विसरायला लावलं. आणि दुसऱ्या दिवशी सात-दहाला, नव्या डोक्यानं, मी पुन्हा तीच चूक केली. चूक कसली? तेच काम केलं.

“संध्याकाळी शहाण्यासारखा वागतो,” तो माझ्याकडे बघून म्हणायचा, “आणि सकाळी काय होतं रे तुला?”

मला काय होतं! माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? समोर माणूस उभा आहे, चुकीचं उत्तर शोधतोय, बरोबर उत्तर त्याच्या पाठीमागे हातात कप घेऊन उभं आहे, आणि तुम्ही फक्त ‘९६’ म्हणू शकता. मी रोज म्हणायचो. त्याला ते ऐकूच येत नव्हतं.

एकदा मात्र ती बोलली. कप विसळत, हळूच. “मी काय म्हणते, हा दिवा आता वेगळाच लागतो. पूर्वी पाणी—”

“हो हो, तो रिलेचा आहे,” तो म्हणाला. “तू त्याच्याकडे लक्ष नको देऊस. तू आपलं नेहमीसारखं करत राहा.”

“बरं,” ती म्हणाली.

‘पूर्वी पाणी’पर्यंत आली होती हो! अजून दोन शब्द, आणि माझी सुटका होती. ती जर जरा हट्टी असती, किंवा तो जरा बहिरा असता आणि ‘काय म्हणालीस?’ असं त्यानं विचारलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण ती हट्टी नाही, आणि त्याला अर्ध्या वाक्यात सगळं कळतं.

मग त्याला लिफ्टची शंका आली. येणारच. ज्याचं जे काम, त्याला तेच दिसतं. सकाळी सातला माणसं कामाला निघतात, लिफ्ट सारखी खाली-वर होते, तिची मोटर सुरू झाली की विजेचा दाब पडतो, आणि म्हणून मी बिघडतो, असं त्यानं कागदावर आकृती काढून आईंना समजावून दिलं. आई पाय दाबत ऐकत होत्या. इमारतीच्या लिफ्टची देखभाल त्याच्याच कंपनीकडे होती. त्यानं खाली कागद चिकटवला: ‘सकाळी सात ते साडेसात लिफ्ट देखभालीसाठी बंद राहील.’

तीन दिवस अख्खी इमारत जिन्यानं उतरली. कॉफी तीनही दिवस जळली. तिसऱ्या दिवशी पाचव्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर हातात दुधाची पिशवी घेऊन आमच्या दारात थांबले. धाप लागलेली.

“काय हो, लिफ्टमध्ये नेमकं काय शोधताय तुम्ही?”

“दाब बघतोय, सर.”

“माझा वाढलाय,” मास्तर म्हणाले आणि वर चढायला लागले.

ती आत ओट्याशी उभी होती. मास्तरांचं बोलणं ऐकून तिचे खांदे हलले. ती हसत होती की काय हे मला मागून कळलं नाही.

पण हसण्याचे दिवस संपत आले होते. रविवारी ताई आली. तिनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि तो बशीसकट दोन बोटांनी लांब सरकवला.

“इंजिनियर, किती महिने झाले?”

“होत आलंय.”

“हे तू माझ्या मोटरच्या वेळीही म्हणत होतास. ऐक, माझ्या ऑफिसात एक बटणाचं मशीन पडून आहे. बटण दाबलं की कॉफी, भांडण नाही. ओळखीतल्या एकीला असं जुनं मशीन हवंय, तिच्या दुकानात शोभेला ठेवायला. तुमचं तिला द्या, ते तुम्ही घ्या. पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येते.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत रागसुद्धा उरला नव्हता. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. “चालेल ना तुला?”

ती फडकं झटकत होती. झटकून झालं. घडी घातली. “चालेल.”

शोभेला! दुकानाच्या कोपऱ्यात, पोटात पाणी नाही, विजेची वायर कापलेली. सहा दिवस राहिले होते. तुम्हाला वाटेल मी माझ्या जिवाला घाबरलो. घाबरलो होतो. पण त्या आठवड्यात मी तिचे हात पाहिले. रोज भांडी आवरून झाली की ती मशीन पुसायची. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. हँडलच्या खाचेत अडकलेली कॉफीची भुकटी काडीनं काढायची. जे चार दिवसांनी जाणार ते इतकं कशाला पुसायचं? बाहेरून आई विचारायच्या, “झालं का गं?” “झालं, आई,” म्हणायची, आणि पुन्हा पुसायला लागायची. ते मशीन गेलं की या घरात तिचं स्वतःचं असं काय राहणार होतं, याची यादी मी करून पाहिली. एक पांघरूण.

शनिवारी सकाळी तो वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि सुतळी घेऊन आला. लॅपटॉप बंद होता. आता मोजून करायचं काय? तो ओट्याला टेकून उभा राहिला.

“शेवटची करतेस?”

“हं.”

सात वाजून दहा मिनिटं. मी एकशे चारवर. तिनं बटण दाबलं, पाणी सोडलं. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा, बघायला रेघ नव्हती म्हणून, त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. हाताकडून पाण्याकडे, आणि पाण्याकडून माझ्या पट्टीकडे. एकशे एक, अठ्ठ्याण्णव, शहाण्णव.

“थांब. हे काय केलंस?”

“काय?”

“हे. आत्ता.”

“पाणी सोडलं.”

“का?”

“नेहमीच सोडते.”

“नेहमी म्हणजे?”

“म्हणजे रोज.” तिनं त्याच्याकडे पाहिलं. “तूच म्हणालास ना, नेहमीसारखं कर, काही बदलू नकोस.”

तो खाली फरशीवर बसला. सुतळीचं बंडल हातातून सुटून मोरीपर्यंत घरंगळत गेलं. “लिफ्ट बंद केली मी,” तो म्हणाला. “तीन दिवस. मास्तरांना पाच मजले चढायला लावले.”

आता तिचे खांदे पुन्हा हलले, आणि या वेळी मला समोरून दिसलं. ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तोही हसायला लागला. मग उठून म्हणाला, “एकदा पाणी न सोडता कर. मोजूही नकोस. नुसती कर.”

तिनं केली. एकशे चार. मी इंचभर हललो नाही. त्या एका कपासाठी मी तीन महिने शिव्या खाल्ल्या होत्या. कॉफी मधाच्या धारेसारखी उतरली, वर तांबूस फेस. तो प्यायला. ती प्यायली. तिनं डोळे मिटले आणि उघडले.

“छान आहे,” ती म्हणाली. ते खरं होतं, मला कळतं.

निर्दोष! मला ओरडावंसं वाटलं. मी पट्टीवर १०४.० इतका सरळ धरला, की त्यानं प्रेमानं माझ्या झाकणावर थाप मारली. लगेच फोन लावला. “ताई, टेम्पो नको. सापडलं! अगं, कंट्रोलर नव्हताच बिघडलेला. नंतर सांगतो, तू हसशील.” फोन ठेवून तो तिच्याकडे वळला. “बघ, आता तुला काही करायचंच नाही. पाणी नाही, मोजणं नाही. मशीन राहिलं.”

ती कपातला शेवटचा घोट बघत होती.

“मशीन राहू दे,” ती म्हणाली. “हे काढ.”

“हे? काय हे?”

“हा डबा.”

“अगं, पण आत्ताच तर—”

“थांब, मला बोलू दे. मी परत बोलणार नाही म्हणून.” तिनं कप खाली ठेवला. “बेकरीत सकाळी माणसं नुसती अंगावर यायची. हे द्या, ते द्या, किती वेळ. पण दिवा विझला की वीस होईपर्यंत मी कुणाचंच ऐकायची नाही, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. इथं आले तेव्हाही तसंच झालं. मी मोजत असले की आई हाक मारायच्या नाहीत. तू चार्जर कुठाय विचारायचा नाहीस. दिवसातले तेवढे वीस आकडे मला कुणी काही सांगत नव्हतं. आणि ते नको व्हायला तू तीन महिने खपलास.”

त्यानं मोरीपाशी जाऊन सुतळीचं बंडल उचललं. 

“मग सांगायचंस ना तेव्हाच.”

“विचारायचंस ना तेव्हाच.”

 आई स्वयंपाकघराच्या दारात कधीच्या येऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर ती चक्क ‘तू’ म्हणत होती, आणि ते तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. आईंच्या आलं होतं. त्या म्हणाल्या, “काढ रे बाबा तो डबा. आणि मला कुणीतरी चहा टाका. मोजून टाका, न मोजता टाका, पण टाका.”

त्यानं त्याच दुपारी मला काढलं. सेन्सर सोडवला, वायरी मोकळ्या केल्या, जुना थर्मोस्टॅट पुन्हा जागेवर बसवला. हात चांगले आहेत त्याचे. काढताना एकही तार ओढली नाही. सकाळी मी निर्दोष सुटलो आणि दुपारी माझी नोकरी गेली. असा न्याय कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही.

हल्ली मी टेबलाच्या खणात असतो. शेजारी मेलेले सेल, टीव्ही कधीच गेला त्याचा रिमोट, आणि कुठल्या कुलपाची आहे हे कुणालाच माहीत नाही अशी एक किल्ली. सकाळी सात-दहाला खणाच्या फटीतून ऐकू येतं. पाण्याचा आवाज, मग शांतता, मग ती मोजते. आता जरा मोठ्यानं मोजते. घरात कुणी हाक मारत नाही. कॉफी कधी माझ्याइतकी चांगली होते, कधी नाही. नाही झाली तर ती काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी बाविसापर्यंत मोजते. मला राग येतो, खरं सांगतो. मी एकही दिवस चुकलो नसतो. पण चुकणार नाही असा कुणी तिला नको होता.

मागच्या आठवड्यात खण उघडला. त्यानं मला बाहेर काढलं, फुंकर मारून धूळ उडवली. माझ्या सगळ्या वायरी शहारल्या! समोर आई इस्त्री करत होत्या. इस्त्री कधी जास्त तापते, कधी कमी. त्याची नजर इस्त्रीवर, मी हातात. बोलायला तोंड उघडलं आणि तो थांबला.

“आई,” तो म्हणाला, “तू आधी बोटांनी पाणी का गं उडवतेस इस्त्रीवर?”

आईंनी इस्त्री उभी केली आणि त्याला सांगायला सुरुवात केली. सुती कपड्याला पाणी कसं उडालं पाहिजे, रेशमी असेल तर आवाज कसा यायला हवा, त्याच्या वडिलांच्या शर्टाची कॉलर कशी एकदा जळली होती. पाऊण तास. तो स्टूल ओढून बसला आणि ऐकत राहिला. मधेच त्यानं मला, न बघता, पुन्हा खणात ठेवून दिलं.

माणसं एकमेकांना असं विचारायला लागली तर माझ्यासारख्यांनी जायचं कुठं?

म्हणून ही विनंती. तुमच्याकडे माशांची पेटी असेल तर मला न्या. तिचं पाणी चोवीस तास एकाच आकड्यावर धरायचं असतं असं ऐकलंय, आणि ते काम मी डोळे मिटून करेन. मला वर्षभर कुणी शाबासकी दिली नाही तरी चालेल, आणि हे चालेल पटकन म्हटलेलं आहे. फक्त न्यायच्या आधी एक करा. तुमच्या घरात त्या माशांचं रोज कोण करतं, ते बघा. त्या माणसासमोर बसा, मी काय करतो ते सांगा, आणि मी त्याला हवा आहे का ते विचारा. नको म्हणालं तर राहू द्या. मी खणात आहे.